आज विशेष काही नाही… क्लिक!

लग्नं, ट्रिपा आणि वाढदिवसांचे फोटो सगळ्यांकडेच असतात. पण एखाद्या साध्या मंगळवारचे? दर आठवड्याला आपल्या रोजच्या जगण्याचे चार-पाच फोटो काढायचे आणि ते नीट जपून ठेवायचे, हा वरवर सोपा वाटणारा फंडा मी वर्षभर करून बघितला. त्या बावन्न आठवड्यांविषयी…

मे २०२२. आई रिटायर होणार होती आणि तिच्या ऑफिसातल्या काकूंचा मला गुपचूप फोन आला. ‘‘अगं, आम्ही कोलाज करतोय. तिचे आठ-दहा फोटो पाठव ना. ऑफिसला निघतानाचे, गाडीतले, घरी दमून आल्यावरचे, असे मस्त नॅचरल बघ हं!’’

मी म्हटलं, एवढंच ना? पाठवते की!

त्या रात्री मी तीन तास शोधत होते. माळ्यावरचे अल्बम झाले, बाबांच्या सीड्या झाल्या, माझा फोन, बाबांचा फोन, सगळं पालथं घातलं. आईचे स्वतंत्र असे अकरा फोटो निघाले. त्यातल्या सहा फोटोंत पैठणी. दोन महाबळेश्वरचे. एक आधार कार्डासाठी काढलेला (तो पाठवायचा प्रश्नच नव्हता!). उरलेल्या दोन फोटोंत ती अर्धीच होती, एकात ओवाळणीचं ताट पुढे करताना आणि दुसऱ्यात केकचं ताट मागे घेताना.

एकतीस वर्षं ही बाई डोंबिवलीहून फोर्टला गेली. सकाळची आठ-आठची फास्ट, खांद्याला काळी पर्स, पर्समध्ये डबा, डब्याच्या पिशवीत निवडायची मेथी. संध्याकाळी उतरताना हातात गजरा नाहीतर कोथिंबीर. हे दृश्य मी लहानपणापासून रोज बघितलंय. त्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. एकही!

मी मासकॉमची डिग्री घेतलेली. ‘डॉक्युमेंटेशन’ या विषयात चांगले मार्क वगैरे मिळवलेली. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या आयुष्यावर लेख लिहिणारी. आणि माझ्याच आईचा रोजचा दिवस माझ्याकडे नाही. त्या रात्री मला सॉलिड वाईट वाटलं.

छत्तीस फोटोंची चैन

आता यात आमच्या आधीच्या पिढीचा तसा काही दोष नाही. माझ्या लहानपणी बाबांकडे याशिकाचा कॅमेरा होता आणि रोल असायचा छत्तीस फोटोंचा. रोलचे पैसे, मग डेव्हलपिंगचे, मग प्रिंटचे. गणपतीला घातलेला रोल बऱ्याचदा दिवाळीला संपायचा. शेवटी सदतिसावा फोटो निघाला तर लॉटरी लागल्याचा आनंद! अशा वेळी आई मेथी निवडतेय याचा फोटो कोण काढणार? काढला असता तर आईनेच बाबांना वेड्यात काढलं असतं.

पण आपलं काय? आपल्याकडे रोल संपत नाही. आपण बिलाचा फोटो काढतो, पार्किंगच्या खांबाचा काढतो, ऑफिसातल्या व्हाइटबोर्डचा काढतो. हजारो फोटो साठतात आणि एक दिवस फोन सांगतो, स्टोरेज फुल! मग आपण झोपेत असल्यासारखे भराभर डिलीट करत सुटतो. गुगल फोटोजने २०१५ मध्ये फुकट अमर्याद जागा देऊ केली आणि १ जून २०२१ पासून ती बंद केली, तेव्हा किती जणांनी घाबरून साफसफाई केली आठवतंय? म्हणजे आई-बाबांच्या काळी फोटो कमी म्हणून रोजचं जगणं हरवलं आणि आपल्या काळात फोटो जास्त म्हणून ते सापडत नाही. थोडक्यात काय, दोघेही सारखेच!

हा फंडा आला कुठून?

शोधायला लागल्यावर कळलं की हे वेड जुनं आहे. माझा त्यातला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंगस्टन. ३१ मार्च १९७९ ला या पठ्ठ्याने पोलरॉइड कॅमेऱ्याने एक फोटो काढला आणि मग ठरवलं, रोज एक. एकच. जास्त चांगला क्षण नंतर आला तरी दुसरा फोटो काढायचा नाही. जेवणाची ताटं, मित्र, रस्ते, रिकाम्या खोल्या… हे त्याने अठरा वर्षांहून जास्त काळ चालवलं. शेवटचा फोटो आहे २५ ऑक्टोबर १९९७ चा. त्या दिवशी तो कॅन्सरने गेला. तो त्याचा एकेचाळिसावा वाढदिवस होता. सहा हजारांहून जास्त पोलरॉइड मागे राहिले. मित्रांनी ते जमवून २००७ मध्ये त्याच्या जुन्या कॉलेजात त्यांचं प्रदर्शन भरवलं. ते फोटो ओळीने बघताना शेवटी शेवटी हॉस्पिटल दिसायला लागतं, आणि पोटात खड्डा पडतो. बरेचसे फोटो एकेकटे बघितले तर अगदी साधे आहेत.

निकोलस निक्सन या फोटोग्राफरचा हिशेब वर्षाचा. त्याची बायको आणि तिच्या तीन बहिणी अशा चौघींचा फोटो त्याने १९७५ पासून दरवर्षी काढला, उभं राहण्याचा क्रम तोच ठेवून. चाळीस वर्षांचे चाळीस फोटो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१४ मध्ये एकत्र दाखवले.

आता रोज एक फोटो म्हणजे आपल्यासारख्या डेडलाइनवाल्यांना जरा अतीच. वर्षाला एक म्हणजे फारच कमी. मधला रस्ता आठवड्याचा. अमेरिकेतल्या बेकी हिगिन्स यांनी याची ‘प्रोजेक्ट लाइफ’ नावाची सोपी पद्धत लोकप्रिय केली. अल्बमच्या पानाला प्लास्टिकचे खण असतात, काही चार बाय सहा इंचांचे, काही तीन बाय चारचे. फोटो खणात सरकवायचा, शेजारच्या खणात दोन ओळी लिहिलेलं कार्ड. कात्री नको, गोंद नको, कलाकुसर नको. एका आठवड्याची दोन पानं. बास.

आणि आपल्याकडे? अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ जरूर बघा. लोकांच्या घरातले जुने फोटो आणि त्यांच्यामागच्या गोष्टी तिथे जमवल्या आहेत. ते बघताना कळतं की फोटोइतकीच महत्त्वाची असते त्यामागची माहिती. नुसता फोटो उरला आणि ‘ही कोण?’ सांगणारं माणूस गेलं, की संपलं सगळं.

सहाव्या आठवड्याचा पचका

१ जानेवारी २०२३ ला रविवार होता. वर्ष सुरू करायला याहून चांगला मुहूर्त कुठला? नियम साधे ठेवले. रविवार ते शनिवार एक आठवडा. रोज निदान एक फोटो. पुढच्या रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं बसायचं, पाच फोटो निवडायचे, बाकीचे उडवायचे. महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन प्रिंट काढायच्या. विषय? आमचं घर. आणि मुख्य म्हणजे आई.

पहिले पाच आठवडे जाम उत्साहात गेले. कुकर, दोरीवरचे कपडे, बाबांचं शब्दकोडं, सोसायटीतलं मांजर. पण माझ्या डोक्यात तो न काढलेला फोटो ठाण मांडून बसला होता. सहाव्या आठवड्यात मी आईला म्हटलं, ‘‘चल, एक दिवस तुझी आठ-आठ पकडूया. तुझी काळी पर्स घे, डबा घे. मी फोटो काढते.’’

आई आधी हसली, मग तयार झाली. साडीसुद्धा ऑफिसातलीच काढली. गाडी आली, आम्ही चढलो आणि तिथेच सगळं गडबडलं. तिचा ग्रुप आता पुढच्या डब्यात बसायला लागला होता, हे आम्हाला माहीतच नव्हतं. डब्यात सगळे अनोळखी चेहरे. मी फोन वर केला तशा दोघीतिघी वैतागल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. सकाळी आठच्या गर्दीत कुणाला फोटोत यायचंय? तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी चटकन उठली आणि आईला म्हणाली, ‘‘बसा ना आजी.’’

एकतीस वर्षं चौथ्या सीटसाठी भांडलेली माझी आई. ती बसली. घाटकोपरला आम्ही उतरलो आणि परत आलो. घरी आल्यावर तिने पर्स कपाटात वर टाकली आणि म्हणाली, ‘‘नाटक नको गं परत.’’

त्या आठवड्याच्या पानावर मी गाडीचा फोटो लावलाच नाही. कपाटाच्या बंद दाराचा लावला. एक गोष्ट मात्र पक्की कळली, गेलेला दिवस पुन्हा उभा करून त्याचा फोटो काढता येत नाही. आज जे चाललंय तेवढंच आपल्या हातात असतं.

फ्रिज, टेकडी वगैरे

मी हे करतेय म्हटल्यावर ओळखीतले आणखी छुपे रुस्तम सापडले. पुण्यात हिंजवडीला काम करणारा माझा एक मित्र दर रविवारी रात्री फक्त फ्रिजचा फोटो काढतो. दार उघडून, आतला. चार बॅचलर मुलांचा फ्लॅट. सुरुवातीच्या फोटोंत सॉसच्या बाटल्या, अंडी आणि अर्धा पिझ्झा. मग एक जण डाएटवर गेला, काकड्या आल्या. मग कुणाची तरी आई येऊन गेली आणि स्टीलच्या डब्यांची रांग लागली. एका रविवारी खालचा कप्पा पूर्ण रिकामा. ‘‘तो कॅनडाला गेला त्या आठवड्याचा फोटो. विमानतळावरचा ग्रुप फोटो आहे माझ्याकडे, पण मला हाच जास्त लागतो,’’ असं तो म्हणाला. चक्क हा मुलगा, जो एरवी क्रिकेटशिवाय कशावर बोलत नाही!

दुसरी मैत्रीण बेलापूरला राहते, बँकेत आहे. तिच्या खिडकीतून पारसिकची टेकडी दिसायची. समोरच्या प्लॉटवर पत्रे लागले त्या सोमवारपासून तिने दर सोमवारी त्याच खिडकीतून, त्याच उंचीवरून फोटो काढायला सुरुवात केली. खड्डा, पाया, पिलर, एकेक स्लॅब. टेकडी कोणत्या आठवड्यात दिसेनाशी झाली हे ती बोट ठेवून सांगते. आणि त्याच्या आदल्या आठवड्याच्या फोटोत टेकडी पावसाने हिरवीगार झालेली आहे.

मेंदू काय म्हणतो?

‘सारखे फोटो काय काढता, जरा डोळ्यांनी बघा,’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात ना? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये छापून आला. काही वस्तू लोकांनी नुसत्या बघितल्या, काहींचे फोटो काढले. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. पण गंमत अशी की झूम करून वस्तूच्या एखाद्याच भागाचा फोटो काढला, तेव्हा तो तोटा दिसला नाही. म्हणजे लक्ष देऊन बघितलं तर कॅमेरा आड येत नाही.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टिंग झांग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी लोकांना आपल्या चालू दिवसांतल्या साध्या गोष्टी नोंदवून ठेवायला सांगितल्या, म्हणजे कुणाशी काय बोललो, कुठली गाणी ऐकतोय, असं. काही महिन्यांनी ते पुन्हा वाचायला किती मजा येईल असं वाटतं, हेही आधीच विचारून घेतलं. प्रत्यक्षात लोकांना अंदाजापेक्षा बरीच जास्त मजा आली. आणि हा अंदाज खास दिवसांपेक्षा साध्या दिवसांबाबत जास्त चुकला! आपल्याला आज वाटतं, यात काय ठेवण्यासारखं आहे? तिथेच आपण फसतो.

घड्याळ

मीसुद्धा फसलेच होते. अकराव्या आठवड्यात मी आईचा एक फोटो काढला. सकाळची वेळ, ती गॅलरीत चहा घेऊन उभी आहे. इतकंच. ‘काही विशेष नाही’ म्हणून मी तो उडवणार होते, पण पाचवा फोटो मिळत नव्हता म्हणून ठेवला.

जुलैमध्ये सहा महिन्यांची पानं एकत्र बघत बसले होते. तेव्हा दिसलं की प्रत्येक फोटोत आईच्या डाव्या हातात घड्याळ आहे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, दुपारी आडवी झाली असताना, गॅलरीतल्या त्या फोटोतसुद्धा. रिटायर होऊन वर्ष झालं तरी! अजूनही पावणेपाचला उठते, साडेसहाला तिचा स्वयंपाक तयार असतो, हे मला माहीत होतं. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. पण गॅलरीतल्या फोटोची वेळ मी फोनमध्ये तपासली. आठ वाजून सात मिनिटं. आमच्या गॅलरीतून गाडीचा हॉर्न ऐकू येतो.

आणि मग तेविसाव्या आठवड्यापासून पुढे मनगट रिकामं.

मी तिला विचारलं, ‘‘घड्याळ कधी काढलंस गं?’’

‘‘सेल संपला,’’ ती म्हणाली. ‘‘दोन-तीन दिवस बंदच घालून फिरत होते. मग म्हटलं, आता कशाला टाकायचा?’’

घरात तीन माणसं. हे घडलं तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री मी आणि आई बऱ्याच उशिरापर्यंत बोलत बसलो. ऑफिसबद्दल, रिकाम्या दुपारींबद्दल, ‘आजी’ म्हणालेल्या त्या मुलीबद्दलसुद्धा. वर्षभर तिला काय वाटत होतं हे मी पहिल्यांदाच विचारलं होतं. पुढच्या महिन्यात तिने सोसायटीतल्या दोन मुलांची गणिताची शिकवणी सुरू केली. फोटोंमुळे केली असं मी म्हणणार नाही. पण विषय निघाला तो फोटोंमुळे.

उडालेले दोन आठवडे

सगळंच गोड गोड झालं असं समजू नका. मेमध्ये माझा फोन बिघडला, दुरुस्तीच्या दुकानात रीसेट मारला गेला आणि एकोणिसावा-विसावा आठवडा साफ! बॅकअप घेतला नव्हता, चूक माझीच. त्या खणांत मी फक्त कार्डं ठेवली आहेत, आठवेल तसं लिहून. ‘मंगळवारी आंबे उतरवले, पेटीत चार खराब निघाले.’ ती दोन पानंसुद्धा आता मला आवडतात.

दुसरा धडा एका मैत्रिणीने दिला. तिची नोकरी गेली त्या संध्याकाळी ती घरी आली होती. मी सवयीने चहाच्या कपांचा फोटो काढला, त्यात तिचे हात आले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘ठेव तुझ्याकडे. पण कुठे टाकू नकोस.’’ तेव्हापासून नियमच केला की हा अल्बम फक्त कपाटात राहणार. लाइक मिळवायचे नाहीत म्हटलं की बरेच फोटो आपोआप खरे निघतात, हाही त्याचा फायदा.

ट्राय करायचंय?

• एकच विषय पकडा. डबा, टेबल, खिडकी, आजोबांची खुर्ची… काहीही. ‘माझं संपूर्ण आयुष्य’ हा विषय तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो.

• निवडीचा दिवस आणि वेळ ठरवा. आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला २६० फोटो. एवढे पुरतात.

• प्रिंट काढाच. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटसाठी १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत, आपल्या फोनमध्ये ते सहज असतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र बारीक होऊन आलेला असतो आणि काढल्याची मूळ वेळही त्यात उरत नाही. शक्यतो मूळ फाइल मागून घ्या.

• मागे किंवा शेजारी तारीख, जागा आणि नावं लिहा. ‘मी आणि गँग’ असं लिहू नका. वीस वर्षांनी गँग कोण ते आठवणार नाही.

• तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. (माझे दोन आठवडे आठवा!)

• माणसांना विचारा. ऑफिसात तर नक्कीच, स्क्रीनवर काय दिसतंय ते बघून.

• आठवडा चुकला तर चुकला. पुढचा पकडा. गाडी काय, मागून येतेच.

उरलेला एक दिवस

ऑक्टोबरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईला तिच्या ट्रेनच्या ग्रुपचा फोन आला. डब्याची पूजा करतायत, तोरणं बांधतायत, तू यायचंसच. मी कामात होते, गेले नाही. दुपारी फोनवर एक फोटो आला. हललेला, पिवळा पडलेला. खिडकीला झेंडूचं तोरण, गर्दीत सात-आठ बायका, आणि मधोमध आई, तोंडात पेढा, काहीतरी बोलतेय. आईचा गाडीतला पहिला फोटो! प्रिंट अगदीच भुरकट आली. त्रेचाळिसाव्या आठवड्यात तोच लावलाय. त्या महिन्यापासून ती महिन्यातून एकदा त्यांना भेटायला आठ-आठने जाते.

बावन्न आठवडे म्हणजे ३६४ दिवस. एक दिवस उरतो. ३१ डिसेंबरला रविवारच होता. मी टेबलावर शेवटची पानं लावत बसले होते, पाठीतून वाकून, केस वर बांधलेले, शेजारी गार झालेला चहा. मागून क्लिक आवाज आला. आईच्या हातात तिचा फोन होता.

‘‘अगं, असा काय काढतेस? थांब, निदान केस तरी…’’

‘‘राहू दे,’’ आई म्हणाली. ‘‘तुझा असा एकही नव्हता.’’

खरंच नव्हता. वर्षभराच्या पानांमध्ये मी कुठेच नाही, कारण कॅमेरा माझ्याच हातात. शेवटच्या खणात आता तो फोटो आहे. शेजारच्या कार्डावर आईने तिच्या ऑफिसातल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: ‘रविवार, दि. ३१. काम करते आहे. जेवली नाही.’